सत्त्याण्णव टक्के

चोपड्यात, बसस्टँडमागच्या बोळात
माझं झेरॉक्सचं दुकान.
भिंतीपलीकडे सुपडू आप्पांची गिरणी.

रमिला पावरा सकाळच्या वैजापूर गाडीनं आली.
आजोबांच्या शाळेचं रजिस्टर, स्कॅन केलेलं,
तीनशे बारा एमबी.
जात पडताळणीला एकच पान हवं होतं,
क्लार्कनं अख्खं रजिस्टर पाठवलं,
पान शोधायचा कंटाळा, दुसरं काय.
वर तंबी : लिंक सहापर्यंतच चालेल.

पहिल्यांदा एकसष्टवर थांबली.
मग अठ्ठ्याऐंशी.
तिसऱ्यांदा सत्त्याण्णव, आणि लाल अक्षरांत
‘अयशस्वी, नेटवर्क त्रुटी’.
‘पुन्हा सुरू करा’ दाबलं
तर शून्यापासून.
राहिलेलं काम पुढं न्यायची
त्या वेबसाइटला सवयच नाही.

मग मला येतं ते सगळं केलं.
कॅशे पुसला, कुकीज पुसल्या,
त्यात माझेच चार पासवर्ड वाहून गेले.
अँटिव्हायरसला घटकाभर निजवलं.
डिस्कवर जागा नसेल म्हणून
तीन वर्षांच्या लग्नपत्रिका उडवल्या,
त्यातल्या एका जोडप्याचा
सोडचिठ्ठीचा अर्जही मीच टाइप केला होता.
ब्राउझर बदलला. खासगी खिडकी उघडली.
केबलवाल्या अकीलला फोन केला,
तो म्हणाला, ‘आमच्याकडून ओके आहे.’
त्याच्याकडून नेहमीच ओके असतं.

फोल्डरमध्ये ओळीनं बसल्या होत्या
रजिस्टर, रजिस्टर एक, रजिस्टर दोन, पाचपर्यंत,
पांढरी कोरी तोंडं करून.
एकही उघडेना.

रमिला इतका वेळ गप्प.
स्क्रीनकडे नाही, वर बघत होती.
‘ताई,’ म्हणाली, ‘पंखा दबतो ना,
तवाच ते अडकतं.’

मी पंखा बघितला.
भिंतीपलीकडे मोटर घरघरली,
पंख्याची पाती मोजता येऊ लागली,
आणि राउटरचे हिरवे दिवे
एकदम गेले,
मग एकेक करत, ओशाळल्यासारखे, परत आले.

दोन वर्षं मी कंपनीला शिव्या देत होते.

आप्पांच्या भुवया पिठानं पांढऱ्या.
रांगेत कळण्याचे डबे, दादरचे डबे,
एक पापडाच्या उडदाचा.
‘आप्पा, पंधरा मिनिटं मोटर थांबवा.’
‘कशाले?’
‘एका पोरीचा आजा उतरतोय.’
आप्पांनी खटका खाली ओढला
आणि मग विचारलं, ‘कोन उतरस?’

मोटर थांबली तेव्हा
समोरच्या सलूनमधली कात्री ऐकू आली.
बायका डबे तिथंच ठेवून दुकानात शिरल्या,
दूध वर येताना बघतात
तशा त्या निळ्या पट्टीकडे बघत.
नव्वद.
त्र्याण्णव.
‘उतरनी का वं?’
‘दम धर.’
सत्त्याण्णवला कुणीतरी पदर तोंडाला लावला.
अठ्ठ्याण्णव.

दोनशे सहावं पान. शाई तांबडी पडलेली.
गुमान बारक्या पावरा, इयत्ता पहिली.
शाळा सोडल्याचं कारण, या रकान्यात
मास्तरानं लिहिलं होतं :
‘येत नाही.’

रमिलानं ते दोनदा वाचलं
आणि हसत सुटली,
डोळे पुसले, परत हसली.
‘आजही येत नव्हता,’ म्हणाली.

मी रंगीत प्रिंट काढली, दोन प्रती,
पेनड्राइव्हवर एक, तिच्या मेलवर एक,
माझ्याकडेही ठेवली एक, न विचारता.
अकीलला सांगून राउटर
इन्व्हर्टरवर घ्यायचाय. उद्या.
त्या पाच अर्धवट फायली अजून पुसल्या नाहीत.

पलीकडून आप्पांची हाक, ‘चालू करू का आते?’
‘करा!’
पंखा दबला. दिवे गेले. जाऊ देत.

थोड्या वेळानं आप्पा स्वतःच दारात,
हातात घडी घातलेला कागद, त्यावर पिठाचा अंगठा.
‘पाय बरं ऑनलाइन,
मोटरनं बिल भू ई ऱ्हायनं.’